छातींतलें पाणी आणि वैद्याची घाई

मुंबईहून भुसावळकडे जाणारी आगगाडी मनमाड सोडून थोडी पुढें गेली कीं नांदगांव लागतें. १९०० सालीं मनमाडहून औरंगाबादला लोहमार्ग झाला. तोंपर्यंत वेरूळचीं लेणीं पाहावयास निघालेला प्रवासी नांदगांवासच उतरे आणि टांग्यांत बसून पुढची लांबची वाट तुडवी. तो ओघ नव्या लोहमार्गानें आटला. उलट दिशेचा दुसरा एक ओघ मात्र आटला नाहीं. नाशिक जिल्ह्याच्या या पूर्वेकडील कोरड्या तालुक्यांतून आजारी माणूस मालेगांवला, नाशिकला किंवा मुंबईला जातो. आणि खेड्यापाड्यांतला रोगी सर्वत्र करितो त्याप्रमाणें बहुधा उशिरां जातो. प्रथम बारीक ताप येतो, मग कुशींत कळ मारते. कांहीं दिवसांनीं कळ थांबते, तेव्हां दुखणें गेलें असें घरच्यांना वाटतें. वस्तुतः फुप्फुसाचीं दोन आवरणें एकमेकांवर घासत होतीं तीं मध्यें पाणी सांचल्यामुळें दूर झालेलीं असतात, इतकेंच. पुढें जिना चढतांना दम लागतो, उताणें निजवत नाहीं. तरी कांद्याची काढणी आटोपल्यावर पाहूं, असें ठरतें. अशा रीतीनें महिना दीड महिना लोटतो आणि एका बाजूचें फुप्फुस पाण्याखालीं दबून मुठीएवढें होऊन बसतें.

असा रोगी अखेर वैद्यापुढें आला म्हणजे पाणी काढलें जातें, आणि बहुतेकांना त्याच क्षणीं मोकळें वाटूं लागतें. परंतु क्वचित् एखाद्याच्या बाबतींत विपरीत घडतें. पाणी निघून जातें, फुप्फुस फुलतें, आणि तासाभराच्या आंतच रोग्याला न थांबणारा खोकला सुरू होतो. तोंडावाटे फेसाळ, कधीं गुलाबी छटा असलेला कफ वाटीवाटीनें येऊं लागतो. ओठ निळसर पडतात. जें फुप्फुस बाहेरच्या पाण्याच्या दडपणांतून नुकतें सोडविलें, तेंच आतां आंतून पाण्यानें भरलेलें असतें. ज्या उपायानें जीव वाचावयाचा त्याच उपायानें तो धोक्यांत यावा, याचा उलगडा होण्यास वैद्यकाला शंभरांहून अधिक वर्षें लागलीं.

फुप्फुस हा चामड्याचा भाता नव्हे. तें स्पंजासारखें लवचीक आणि सदैव आकसूं पाहणारें इंद्रिय आहे. छातीच्या पिंजऱ्याला लागून तें फुललेलें राहतें, तें त्याच्या दोन आवरणांमधील चिंचोळ्या जागेंत दाब बाहेरच्या हवेहून कमी असतो म्हणून. त्या जागेंत पाणी, पू किंवा हवा शिरली कीं फुप्फुस आपल्या मूळ स्वभावावर जातें आणि आकसतें. हें कारण प्राचीनांना ठाऊक नव्हतें. परंतु छातींतील द्रव भरभर काढूं नये, ही गोष्ट त्यांच्या नजरेंतून सुटली नव्हती. ग्रीक वैद्य हिपॉक्रेटीस याच्या नांवानें चालत आलेल्या ग्रंथसमूहांत, छातींतील पू काढण्यासाठीं रोग्याला छेद दिला किंवा डागलें आणि तो पू एकदम वाहून गेला तर रोगी दगावतो, असा स्पष्ट इशारा आहे. त्याच समूहांतील दुसऱ्या एका ग्रंथांत रीतहि सांगितली आहे. थोडा पू सोडावा, मग तागाच्या कापडाची वात दोरा बांधून जखमेंत बसवावी आणि रोज एकदां ती काढून पू वाहूं द्यावा. दहाव्या दिवसाच्या सुमारास सर्व पू निघाल्यावर कोमट मद्य व तेल नळीनें आंत घालावें. कारण ओलाव्याला सरावलेलें फुप्फुस एकाएकीं कोरडें पडतां कामा नये. कारणमीमांसा चुकली आहे, हें उघड आहे. पण ज्या स्थितीला इंद्रिय सरावलें आहे ती स्थिति एकाएकीं पालटूं नये, हा त्यामागील विचार दोन हजार वर्षांनंतरच्या प्रयोगशाळेंतहि टिकला.

सुश्रुतानें हाच विचार पोटाच्या संबंधांत मांडला आहे. जलोदर झालेल्या रोग्याच्या नाभीखालीं डाव्या बाजूस व्रीहिमुख शस्त्रानें वेध करावा, कथलासारख्या धातूची दोन्ही तोंडें उघडी असलेली नळी किंवा पक्ष्याच्या पिसाची नळी बसवावी व पाणी सोडावें; मात्र सगळें पाणी एकाच दिवशीं काढूं नये, अशी त्याची आज्ञा आहे. एकदम काढल्यास तहान, ताप, अंगमोडी, अतिसार, श्वास आणि कास हे उपद्रव होतात, म्हणून तिसऱ्या, चौथ्या, पांचव्या अशा क्रमानें सोळाव्या दिवसापर्यंत अंतर ठेवीत थोडें थोडें काढावें आणि मोकळें झालेलें पोट लोकर, रेशीम किंवा चामडें यांनीं घट्ट वेष्टावें, असें त्यानें सांगितलें. पोटांतील पाणी एकदम काढल्यानें होणारा अपाय रक्ताभिसरणाचा असतो. छातींतला अपाय निराळा. तेव्हां सुश्रुताला फुप्फुसाची ही विकृति अवगत होती असें म्हणणें म्हणजे त्याच्या पदरीं नसतें श्रेय बांधणें होय. त्याचें खरें श्रेय त्याला पुरेसें आहे. रोग्याच्या शरीराला सांवरावयास अवधि द्यावा लागतो, हें त्यानें नळी व शस्त्र हातीं घेऊन पाहिलें होतें.

यानंतर अनेक शतकें छातीला छेद देणें हें अत्यंत निरुपायाचें काम मानलें गेलें, आणि तें योग्यच होतें. कारण आंत पाणी आहे कीं नाहीं हेंच निश्चित कळत नव्हतें. ती अडचण एका खानावळवाल्याच्या मुलानें दूर केली. ऑस्ट्रियांतील ग्राट्झ येथील लिओपोल्ड आउएनब्रुगर हा व्हिएन्नामध्यें वैद्य होता. पिंपावर बोटांनीं वाजवून त्यांत द्रव कोठपर्यंत आहे हें ओळखण्याची युक्ति त्यानें माणसाच्या छातीवर आणली आणि १७६१ सालीं एका लहानशा लॅटिन पुस्तकांत ती प्रसिद्ध केली. पुढें पॅरिसमध्यें लेनेक यानें १८१६ सालीं छाती ऐकण्याची नळी शोधून काढली व १८१९ सालीं आपला ग्रंथ छापला. १८२६ सालीं तो स्वतःच क्षयानें वारला. बोटांनीं वाजवून आणि नळीनें ऐकून पाण्याची पातळी बरगडीबरगडीला सांगतां येऊं लागली, तेव्हां सुई कोठें टोचावी हा प्रश्न सुटला.

उरला प्रश्न बाहेरच्या हवेचा. छिद्र पाडलें कीं पाणी बाहेर येतें, पण श्वासाबरोबर हवा आंत ओढली जाते आणि फुप्फुस अधिकच आकसतें. लियों शहरच्या रेबार नांवाच्या शल्यवैद्यानें यावर सुरेख तोड काढली. बैलाच्या आंतड्याचा पातळ पापुद्रा ओला करून त्यानें नळीच्या बाहेरच्या तोंडाशीं बांधला. पाणी येतांना पापुद्रा उघडतो आणि हवा आंत शिरूं लागली कीं तो तोंडावर चिकटतो. १८४३ पासून पॅरिसमधील नामांकित वैद्य त्रूसो यानें ही शस्त्रक्रिया पुरस्कारिली व पापुद्र्याची ही नळीच वापरली. या पद्धतीचा एक गुण त्या काळीं फारसा कोणाच्या ध्यानांत आला नसावा. तींत पाणी ओढून काढलें जात नसे. रोग्याच्या श्वासाबरोबर आणि खोकल्याबरोबर तें आपोआप बाहेर पडे.

ओढण्याचें यंत्र अमेरिकेंतून आलें. १८५० सालीं बॉस्टनजवळच्या केंब्रिज गांवच्या मॉरिल वायमन यानें बारीक पोकळ सुई आणि तिला जोडलेली शोषक पिचकारी वापरून छातींतलें पाणी काढलें. तें पाहून बॉस्टनचे हेन्री बाउडिच यांनीं त्याच वर्षीं ही रीत उचलली, आणि १८५२ सालीं छातींतील पाणी व तें काढण्याची आवश्यकता या विषयावर निबंध लिहिला. जाड नळीऐवजीं बारीक सुई आल्यामुळें जखम नांवापुरतीच उरली. दिवाणखान्यांतल्या खुर्चीवर बसवूनहि रोग्याचें पाणी काढतां येऊं लागलें. आयुष्यभरांत बाउडिच यांनीं शेंकडों वेळां ही क्रिया केली. त्यांचें मोठेपण मात्र पिचकारींत नाहीं, तिचा दांडा केव्हां ओढावयाचें थांबवावें या नियमांत आहे. रोग्याला छाती आवळल्यासारखी वाटूं लागली किंवा जोराचा खोकला आला कीं पाणी शिल्लक असलें तरी हात आवरावा, असा त्यांचा प्रघात होता. मापाचें भांडें किती भरलें हें न पाहतां रोग्याच्या मुखाकडे पाहण्याची ही शिस्त होती. ज्यांनीं त्यांची पिचकारी घेतली त्या सर्वांनीं ही शिस्त घेतली असती, तर पुढचा इतिहास पुष्कळ आंखूड झाला असता.

मुंबईंत हेंच ग्रँट वैद्यक महाविद्यालयाच्या उदयाचें दशक होतें. १८४५ सालीं स्थापन झालेल्या या संस्थेची पहिली तुकडी १८५१ सालीं बाहेर पडली. भाऊ दाजी लाड हे तिच्यांतलेच. छाती वाजवून आणि ऐकून रोग ओळखण्याची नवी विद्या या वाटेनें इकडच्या तरुणांच्या हातीं येऊं लागली.

पाणी काढल्यानंतर फुप्फुसांत सूज येऊन तें पाण्यानें भरल्याची पहिली नोंद १८५३ सालची आहे. पॅरिस येथें पिनो नांवाच्या विद्यार्थ्यानें पदवीसाठीं लिहिलेल्या प्रबंधांत ती आढळते. पुढें १८६९ सालीं द्यूलाफ्वा यानें पॅरिसमध्येंच आपलें शोषक यंत्र पुढें आणलें. त्यांत भांड्यांतील हवा आधीं काढून घ्यावयाची व मग तोटी उघडावयाची, कीं द्रव धांवत बाहेर येई. यंत्र सोपें होतें, जलद होतें, आणि तें झपाट्यानें पसरलें. चारच वर्षांनीं, १८७३ सालीं, तेरियों याचा संपूर्ण प्रबंध या उपद्रवावर निघाला, आणि १८७५ सालीं फूकार याला पाणी काढल्यानंतर येणाऱ्या आकस्मिक मृत्यूवर लिहावेंसें वाटलें. यंत्र आणि प्रबंध यांचा हा शेजार केवळ योगायोगाचा मानणें कठीण आहे. पापुद्र्याच्या नळीवर रोग्याचा श्वास सत्ता चालवीत होता. आतां ती सत्ता निर्वात भांड्याकडे गेली होती.

त्या वेळच्या फ्रेंच वैद्यांनीं या कफाला दिलेलें नांव लक्षांत ठेवण्याजोगें आहे. त्यांनीं त्याला अंड्याच्या पांढऱ्या बलकाच्या जातीचा कफ म्हटलें, कारण तो तापविला कीं त्या बलकासारखा गोठे. हें पाणी आलें कोठून यावर मोठा वाद माजला. सुईनें फुप्फुसालाच भोंक पडलें आणि छातींतलें उरलेलें पाणी तेथून श्वासनळींत शिरलें, असें एका पक्षाचें म्हणणें होतें. दुसऱ्या पक्षाच्या मतें बऱ्याच काळानें फुललेल्या फुप्फुसांत रक्ताचा लोंढा येऊन त्याच्या केशवाहिन्यांतून हें पाणी झिरपत होतें. शंभर वर्षांनीं दुसरा पक्षच सत्याच्या जवळ ठरला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या फेसाळ पाण्याचें पृथक्करण झालें तेव्हां त्यांत प्रथिनांचें प्रमाण फार आढळलें, म्हणजे तें केवळ दाबानें गाळलेलें पाणी नसून इजा झालेल्या वाहिन्यांच्या भिंतींतून पाझरलेला रक्ताचाच अंश होता. वाटींत कफ घेऊन तो दिव्यावर तापवून पाहणाऱ्या माणसांनीं अर्धें उत्तर केव्हांच लिहून ठेवलें होतें.

१९०२ सालीं फिलाडेल्फियाच्या डेव्हिड रीसमन यांनीं असे विखुरलेले वृत्तांत गोळा करून इंग्रजी वाचकांपुढें ठेवले. पण तोंवर वैद्यकाचें लक्ष एका अगदीं उलट्या उपचाराकडे वळत चाललें होतें, आणि त्या उपचाराचा महाराष्ट्राशीं निकट संबंध आहे. इटलींतील कार्लो फोर्लानिनी यांनीं १८८२ सालीं असें सुचविलें कीं, क्षयानें पोखरलेल्या फुप्फुसाला विसांवा द्यावयाचा तर छातींत मुद्दाम वायु भरून तें दाबून टाकावें. विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत हा उपचार जगभर रूढ झाला. मिरजेजवळील वानलेसवाडी, पांचगणी, पुण्याजवळील औंध, मुंबईंतील शिवडी हीं नांवें महाराष्ट्रांतल्या घराघरांत दबक्या आवाजांत उच्चारलीं जात होतीं तो हा काळ. नाशिक जिल्ह्यांतहि देवळालीच्या कोरड्या हवेंत रोगी ठेवण्याचा रिवाज होता. क्षयरोगालयांत राहिलेला रोगी घरीं परतला तरी दर पंधरा दिवसांनीं, तीन आठवड्यांनीं पुन्हां हवा भरून घेण्यासाठीं त्याला हेलपाटे घालावे लागत; असें दोन दोन, तीन तीन वर्षें चाले.

या उपचारांत एक धडा दडलेला होता. वर्षानुवर्षें दाबून ठेवलेलीं असंख्य फुप्फुसें अखेर पुन्हां फुलवावींच लागत. तीं कशीं फुलत? कोणी ओढून फुलवीत नसे. वैद्य नुसता हवा भरणें बंद करी. आंतली हवा रक्तांत हळूहळू शोषली जाई आणि फुप्फुस आठवडे घेऊन आपल्या गतीनें वर येई. दीर्घ काळ दबलेल्या फुप्फुसाला परत येण्यास किती सवड द्यावी, याचें इतकें विपुल प्रत्यंतर वैद्यकापुढें दुसरें कधींच नव्हतें. १९४० नंतरच्या दशकांत स्ट्रेप्टोमायसिन आलें व पुढें इतर औषधें आलीं. १९५९ सालीं मद्रास येथील संशोधनानें औषधें नियमित घेतल्यास घरीं राहणारा क्षयरोगीहि क्षयरोगालयांतल्याइतकाच सुधारतो हें सिद्ध केलें, आणि हवा भरण्याच्या सुया कपाटांत गेल्या. त्यांच्याबरोबर तो धडाहि कपाटांत गेला असें म्हणावेसें वाटतें. कारण पुढच्या पिढीला तो नव्यानें शिकावा लागला.

१९५८ सालीं अमेरिकेंत कार्लसन व त्यांचे सहकारी यांनीं एक वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांत पाण्याचा संबंध नव्हता. फुप्फुस फाटून छातींत हवा भरलेली होती, ती भराभर काढून टाकल्यावर त्या बाजूच्या फुप्फुसाला सूज आली. म्हणजे दोष काढलेल्या पदार्थाचा नसून फुलण्याच्या वेगाचा आहे, हें उघड झालें. १९७३ सालीं मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं माकडांवर प्रयोग करून हें ताडून पाहिलें. ज्यांचें फुप्फुस थोडाच वेळ आकसलेलें होतें त्यांना कांहीं झालें नाहीं. ज्यांचें तीन दिवस आकसलेलें होतें आणि मग शोषण लावून फुलविलें त्यांच्या फुप्फुसांत पाणी भरलें. तीन दिवस ही मर्यादा तेव्हांपासून वैद्यांच्या तोंडीं बसली. दीर्घ काळ दबलेल्या केशवाहिन्यांच्या भिंती दुबळ्या झालेल्या असतात. रक्त आणि प्राणवायु यांचा लोंढा एकदम परतला कीं त्या ताणल्या जातात, त्यांना दाह होतो आणि त्या पाझरूं लागतात. यांत तरुण रोग्याला धोका अधिक, ही आणखी एक विपरीत गोष्ट. वाईट याचें कीं, दम लागला तरी काम न सोडतां दुखणें अंगावर काढणाराहि बहुधा तोच असतो.

१९८८ सालीं तोंवर प्रसिद्ध झालेल्या रोग्यांचे वृत्तांत एकत्र तपासण्यांत आले, तेव्हां पांचांतला एक दगावल्याचें दिसलें. या आंकड्यानें वैद्यवर्ग हादरला, आणि एका बैठकींत दीड लिटरहून अधिक पाणी काढूं नये हा दंडक पक्का झाला. पण छापून येतात तीं बहुधा भयंकर उदाहरणेंच, ही गोष्ट अशा आंकड्यांबाबत विसरतां येत नाहीं. २००७ सालीं अमेरिकेंतच एक लिटर किंवा त्याहून अधिक पाणी काढलेल्या १८५ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत लक्षणें दिसण्याइतकी सूज एकालाच आली, आणि आणखी चौघांच्या केवळ क्ष-किरणांच्या चित्रांत ती दिसली. त्या अभ्यासकांनीं काढलेला निष्कर्ष बाउडिच यांना नवा वाटला नसता. लिटरांच्या हिशेबापेक्षां रोग्याची छाती आवळते कीं काय हें पाहावें, आणि शक्य असेल तेथें आवरणांमधला दाब मोजीत जावें, असें त्यांचें म्हणणें पडलें.

दाब मोजण्याची सोय सर्वत्र नसते. जेथें ती नाहीं तेथें दीड लिटरची खूण आजहि उपयोगाची आहे, आणि नळी बसविली असेल तर तिचें दुसरें टोंक पाण्याखालीं बुडवून फुप्फुसाला आपोआप वर येऊं द्यावें, आरंभींच शोषणयंत्र जोडूं नये, हीहि. इतकें करूनहि उपद्रव झालाच तर रोग्याला प्राणवायु द्यावा लागतो, कांहींना यंत्रानें श्वास द्यावा लागतो. वेळेवर ओळखल्यास दोनतीन दिवसांत सूज बहुधा ओसरते. वेळेवर ओळखणें हें मात्र पुष्कळदां घरच्या माणसावर येऊन पडतें. पाणी काढून झालें, रोगी पलंगावर परत आला, डॉक्टर दुसऱ्या रोग्याकडे गेले, आणि मग खोकला सुरू होतो. त्या वेळीं जवळ बसलेल्या आईला किंवा भावाला खोकला म्हणजे सांचलेली घाण सुटते आहे असें वाटूं शकतें.

भारतांत छातींत पाणी होण्याच्या प्रमुख कारणांत क्षय हा आजहि मोडतो, आणि त्यावरील औषधें सरकारी दवाखान्यांतून विनामूल्य मिळतात. नांदगांवाहून नाशिक सुमारें शंभर किलोमीटर. तिकडे निघतांना नातेवाइकांनीं एका दिवसाचीच भाकरी बांधलेली असते आणि सगळें पाणी आजच काढा, पुन्हां येणें परवडणार नाहीं, असा त्यांचा धोशा असतो. ज्याला दम लागून महिना झाला आहे अशा तरुणाच्या बाबतींत समंजस डॉक्टर हा धोशा मानीत नाहीं. सुई टोचण्यापूर्वीं तो रोग्याला सांगतो कीं छातींत आवळलें किंवा खोकला आला तर लगेच हात वर करावा. आणि हात वर झाला कीं भांड्यांत एक लिटर असो वा अर्धा, तो नळी बंद करितो. उरलेलें पाणी दुसऱ्या दिवशीं किंवा त्यानंतर काढलें जातें, आणि तेवढे दिवस नातेवाईक रुग्णालयाच्या व्हरांड्यांत मुक्काम करितात.